नकाशाबरहुकूम

माझ्या आबांना लिहितावाचता येत नव्हतं आणि मला भिंत बांधता येत नव्हती. या दोहोंत जास्त लाजिरवाणं काय, यावर आमच्या घरात जवळजवळ वर्षभर वाद चालला होता. वाद म्हणजे तो मी एकटाच घालत असे. आबा सगळं शेवटपर्यंत ऐकून घेत, डोक्यावरचा पटका काढून पुन्हा बांधत आणि ‘बरं’ म्हणत. आबा म्हणजे माझे वडील, पेशानं गवंडी. पाटोद्यात आणि आसपासच्या खेड्यांत जी म्हणून धड माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं, होती, त्यांतली निम्मीशिम्मी त्यांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांची हत्यारं म्हणाल तर एक ओळंबा, एक थापी, दोरीचं एक भेंडोळं आणि स्वतःचा उजवा हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जो भरेल तो एक हात, आणि दोन तुळयांमधलं अंतर तो एक खण. एवढ्या दोन मापांवर त्यांनी माणसांची घरं, गुरांचे गोठे आणि एका गावचं मारुतीचं देऊळ बांधलं होतं. त्यातलं काही पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण ते त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण मी नुकताच हैदराबादेहून शिकून आलो होतो.

हैदराबादेत माझा मामा एका कचेरीत चपराशी होता. त्यानं मला नेऊन हुन्नर शिकवणाऱ्या एका शाळेत घातलं आणि तिथं तीन वर्षं मी नकाशे काढायला शिकलो. परत आलो तेव्हा माझ्यासोबत एक लाकडी फळी, एक कंपासपेटी, फूट-इंचांची एक कापडी फीत आणि उर्दूत छापलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. चित्रं मात्र त्यात विलायतेची होती. आल्या दिवसापासून मी घरातली प्रत्येक वस्तू मोजायला लागलो. चूल मोजली, उंबरा मोजला, रांजणाचा घेर मोजला. माय भाकरी थापत बसली होती, तिला मी सांगितलं की तुझ्या स्वैपाकघराच्या खिडकीतून येणारा उजेड शास्त्रानं सांगितला त्याच्या निम्मासुद्धा नाही. माय म्हणाली, मोजून झालं असंल तर जरा सरक, तूच उजेडात हुबा हायस.

आमचं घर म्हणजे अर्धं घर आणि अर्धा कारखाना. परसात चुन्याची घाणी होती. सकाळी बैल जुंपला की ते दगडी चाक गोल खाचेतून जे करकरत फिरायला लागे ते दुपारच्या भाकरीलाच थांबे, आणि थांबलं की आम्हा सगळ्यांना कानात काही तरी कमी पडल्यासारखं वाटे. चुन्यात गुळाचं पाणी घालत. आमच्या घरात गूळ आधी चुन्यात पडायचा आणि उरला तर पुरणात, असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सणासुदीला तिची आणि आबांची हीच एक बोलाचाली व्हायची. आजही कुठे गुळाची ढेप फोडल्याचा वास आला की मला पुरणपोळी आठवत नाही, ओला चुना आठवतो. जिभेचं म्हणाल तर मला सगळ्यांत आवडायची ती मायच्या हातची येसराची आमटी, आणि ती मी हैदराबादेत तीन वर्षं स्वप्नात खाल्ली होती. परत आल्यावर मात्र पहिल्याच घासाला मी तिला पुस्तकातलं धुराड्याचं प्रकरण वाचून दाखवलं. किती मूर्ख असावं माणसानं, हे आता लिहितानाही मला नीट मोजता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात मोतीशेटांनी धर्मशाळा बांधायचं मनावर घेतलं. मोतीशेट कापसाचे व्यापारी, माणूस देवभोळा आणि कमालीचा भित्रा. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांना गावाबाहेर सावली नव्हती, म्हणून सडकेलगतची एक पड जागा त्यांनी पसंत केली होती. तिथं एक मोठा कडू लिंब होता. जागा सरकारी सडकेला लागून असल्यामुळे बीडहून परवानगी आणावी लागली. ती उर्दूत आली आणि वाचायला मला बोलावणं आलं. हुकूम सरळ होता. धर्मशाळा बांधावी, तिचा नकाशा तयार ठेवावा, तामिरात म्हणजे बांधकाम खात्याचे साहेब पाहणीला येतील तेव्हा तो त्यांना दाखवावा, आणि बांधकाम नकाशाबरहुकूम नसेल तर ते पाडून टाकण्यात येईल. शेवटचं वाक्य मोतीशेटांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग त्यांनी भिंतींचं काम आबांना, लाकडाचं काम चाँदमियाँ सुतारांना आणि नकाशाचं काम मला दिलं. त्या दिवशी मी घरी चालत आलो नाही, तरंगत आलो.

नकाशा काढायला मी अकरा दिवस घेतले. तसा नकाशा मी पुढे साऱ्या नोकरीत काढला नाही. बरोबर मध्ये दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या, चारही तंतोतंत सारख्या. खिडक्या सारख्या अंतरावर, जमिनीपासून सारख्या उंचीवर. मागच्या अंगाला चुली मांडायची जागा आणि तिच्यावर पुस्तकात होतं तसं धुराडं. भिंतींना गुलाबी रंग दिला, कारण पुस्तकात तो होता. आमच्याकडे काळा दगड लागतो ही गोष्ट गौण होती. इमारत केवढी हे कळावं म्हणून पुस्तकातल्या चित्रांत एक माणूस उभा केलेला असे, म्हणून मीही दरवाजापाशी टोपी घातलेला एक साहेब आणि त्याचा कुत्रा काढला. नकाशा बघायला सगळे जमले तेव्हा मोतीशेटांनी बाकी काही विचारलं नाही. हा साहेब इथं राहायला येणार आहे का, आणि आला तर किती दिवस, एवढंच त्यांना हवं होतं. चाँदमियाँ बराच वेळ वाकून बघत होते. ते आबांचे लहानपणापासूनचे सोबती. आबांची प्रत्येक भिंत आणि चाँदमियाँची प्रत्येक तुळई एकमेकींना ओळखत होत्या. ते हळूच म्हणाले, “कागज पे लकडी कू गाठ नै रहती, बाबू.” मी त्यांना समजावलं की लाकूड नकाशाप्रमाणे आणायचं असतं, नकाशा लाकडाप्रमाणे काढायचा नसतो. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा ‘बरं’ म्हणाले.

मी नकाशात रंग भरत होतो तेव्हा आबा काय करत होते, हे सांगायला मला तेव्हा लाज वाटे. ते त्या जागेवर जाऊन बसत होते. सकाळी फडक्यात भाकरी-चटणी बांधून घ्यायची, लिंबाखाली जाऊन बसायचं, दिवस कलला की घरी यायचं. असे तीन दिवस गेले. त्यांतला एक दिवस बाजाराचा होता. गाव म्हणायला लागलं की गवंड्याला काम उरलं नाही. मी जाऊन विचारलं की आबा, तुमी हितं कावून बसलाव, तर म्हणाले, “बघतोय. लोकं कुटं बसतेत ते.” मी म्हणालो, लोक बसतील तिथं, जिथं आपण बसायची जागा बांधू. आबांनी यावर मान हलवली आणि विहिरीवरून आणलेली पाण्याची घागर जागेच्या वरच्या टोकाला पालथी केली. पाणी कुठून कुठं जातं ते बघत त्याच्या मागं मागं चालत गेले. हैदराबादेत तीन वर्षांत आम्हाला कुणी घागर पालथी करायला शिकवलं नव्हतं, तेव्हा ही अडाणीपणाची खूण आहे असं मी धरून चाललो.

पायाची आखणी मी केली. नकाशा हातात धरून, फीत लावून, खुंट्या ठोकून पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तो खुंट्या सरकलेल्या. मी विचारलं, आबा म्हणाले पाणी तिकडून येतंय. मी म्हणालो पाण्याला चर काढू. ते म्हणाले ‘बरं’, आणि खुंट्या होत्या तिथंच राहिल्या. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तर दरवाजाच उचलून डाव्या अंगाला नेलेला. मी सगळ्या मजुरांदेखत आबांना पुस्तकातलं पहिलं वाक्य ऐकवलं, की पहिला दगड बसण्याआधी इमारत कागदावर पुरी झाली पाहिजे. आणि तुम्हाला हातानंच मोजायचं असेल तर खुशाल मोजा, मी या जागेवर पाऊल ठेवणार नाही, असंही म्हणालो. नकाशा गुंडाळला, घरी येऊन माळ्यावर टाकला आणि अक्काकडे धारूरला निघालो. आबा पाठोपाठ घरी आले. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी मायला एवढंच सांगितलं की पोरगं घाट चढून जातंय, धपाटे जरा जास्त बांध.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्याकडे मी दीड महिना रुसून राहिलो. रुसलेल्या माणसाला जेवढं खायला मिळतं तेवढं हसणाऱ्याला मिळत नाही, हे मला तिथं समजलं. सकाळी चुरमुऱ्यांची तुपातली सुशीला, दुपारी भाकरी-पिठलं आणि मधल्या वेळेला शेंगा. संध्याकाळी मी किल्ल्यावर जाऊन बसे आणि त्याच्या चुका काढी. दोन बुरूज सारखे नव्हते, तट जागोजाग वाकडा, दरवाजा समोर असायचा तो कोपऱ्यात दडवलेला. किल्ला तरीही इतकी वर्षं उभा होता, हे काही मला त्या वेळी खटकलं नाही. दाजींना मी एकदा तिथं नेऊन सगळं समजावून सांगितलं. ते शेतकरी माणूस, त्यांनी शांतपणे विचारलं की मग हा पडतोय कधी.

मग एका दुपारी पाटोद्याहून गाडी आली. गाडीवानानं मोतीशेटांचा निरोप आणला होता, की साहेब आजपासून पाचव्या दिवशी येतात, नकाशा काढून ठेव, आणि आधी तू ये. मी निघालो. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी सडकेनं गावाजवळ आली तेव्हाच मला धर्मशाळा दिसली. काळ्या दगडाची, चुन्याच्या पांढऱ्या सांध्यांची, वर ताज्या पांढऱ्या मातीचं माळवद. मी बराच वेळ तिच्यात माझा नकाशा शोधत होतो. दरवाजा डाव्या अंगाला. खोल्या चारच्या तीन झालेल्या, तिन्ही लहानमोठ्या. खिडक्या एवढ्या खाली की इमारत जमिनीत खचली की काय असं वाटावं. ओटा एका टोकाला गुडघाभर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ छातीएवढा. आणि लिंबाजवळ येऊन मागची भिंत चक्क बाकदार वळली होती. मोतीशेट ओट्याच्या उंच टोकाला बसले होते आणि त्यांची पाचावर धारण बसली होती.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर सगळे बसले. कुणी आवाज चढवला नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं काय होणार ते. सरकारनं एकदा भिंत पाडली की त्या गवंड्याला पुन्हा कोण बोलावणार होतं? आबांचं सारं नाव त्या तीन खोल्यांत होतं. मोतीशेट म्हणाले दरवाजा तरी मध्ये आणता येईल का. चाँदमियाँ म्हणाले दरवाजा काढला तर वरची तुळई खाली येईल आणि तुळई आली की माळवद येईल. आबा पटका काढून हातातच गुंडाळत बसले होते. त्या दिवशी ते ‘बरं’सुद्धा म्हणाले नाहीत. मी रागावून गेलो होतो तो आबांना धडा मिळावा म्हणून, आणि आता धडा मिळतोय असं दिसल्यावर मला तो नको झाला होता. आत माय आमटीला फोडणी देत होती. ती पळी हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, “भिंत हालत न्हाई तर कागद हालवा की. त्याला काय माळवद हाय?”

पहिल्यांदा मीच भडकलो. इमारत आधी आणि नकाशा मागून, हे म्हणजे बारसं उरकून लग्नाला उभं राहण्यातलं झालं, ही सरकारची फसवणूक आहे, शास्त्राची तर आहेच, असं बरंच काही बोललो. मायनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं की असा कागद करायला किती दिस लागतेत. मी म्हणालो, अकरा. ती म्हणाली, सायब तीन दिसांनी येतोय, सायब-कुत्रं काढू नको म्हंजे व्हईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आबा फीत घेऊन गेलो. शून्याचं टोक आबांच्या हातात, दुसरं माझ्या. जन्मात पहिल्यांदा मी ती इमारत पाहत होतो. याआधी पाहिला होता तो माझा नकाशा. मी प्रत्येक मापाला ‘हे असं कावून’ विचारत होतो, फणकाऱ्यानंच विचारत होतो, आणि आबा फीत धरून एकेक उत्तर देत होते. दरवाजा डावीकडे कावून? मधी ठिवला तर सडकेवरून जाणाऱ्याला आतल्या बाया सैपाक करताना दिसतेत. खिडक्या खाली कावून? धर्मशाळेत कोन हुबा ऱ्हातंय, लोकं बसतेत, निजतेत, वारा तितं लागला पायजे. ओट्याचं एक टोक उंच कावून? बैलगाडी पाठीमागं लावली की पोतं उचलावं लागत न्हाई, सरकवलं की झालं. खोल्या लहानमोठ्या कावून, हे चाँदमियाँनी सांगितलं. ते वर चढून पन्हाळ बसवत होते, तिथूनच ओरडले की लकडी जितनी लंबी मिली उतना खण, कापून फेकू क्या? आणि बाकदार भिंतीचं आबांनी मला पायानं माती उकरूनच दाखवलं. लिंबाचं मूळ माझ्या मांडीएवढं जाड होतं आणि ते बरोबर माझ्या सरळ रेघेखालून गेलं होतं.

फणकारा कधी गेला ते कळलं नाही, पण मोजता मोजता माझा आवाज खाली आला होता एवढं आठवतं. दरवाजाच्या डाव्या हाताला, ओट्यावर, भिंतीत एक लहानसा कोनाडा होता. तोही मोजला आणि विचारलं. आबांनी त्या कोनाड्यात हात घालून पाहिला. मग म्हणाले, “ते न्हाई सांगता येत. तितं हात गेला.” पुढे तीस वर्षं मी ओव्हरसियरी केली, मोठमोठे इंजिनियर पाहिले, पण इतकं प्रामाणिक उत्तर मला कुणी दिलं नाही. मागच्या अंगाला चुलीच्या जागेवर आलो तर वर धुराडं. अगदी पुस्तकातल्यासारखं, खाली रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं, माळवदाच्या वर दोन हात काढलेलं. पाटोद्यात असलं काही कुणी बांधलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “ह्ये तुजं हाय. तुज्या कागदावर बघितलतं. लई चांगलं हाय ते.” चाँदमियाँ वरून म्हणाले की तू गेल्यावर तुझ्या आबांनी रोज माळ्यावरून कागद काढला, उलटा धरून बघितला, पण बघितला. मला फितीवरचे आकडे दिसेनासे झाले आणि मी माप चुकीचं लिहिलं, ते नंतर पुन्हा घ्यावं लागलं.

दीड दिवसात नकाशा काढला. फळी ओसरीवर, समोर मायची भाकरीची परात. घाणी मुद्दाम बंद ठेवली होती, म्हणजे हात हलू नये. भिंतींना या वेळी काळा रंग दिला. जे जसं होतं तसंच काढलं, बाकसुद्धा, लिंबाचं मूळसुद्धा. पण माणूस इतका चटकन सुधारत नाही. पुढचा दर्शनी भाग काढताना दरवाजाच्या डाव्या हाताचा तो एकुलता एक कोनाडा माझ्या डोळ्यांत सलायला लागला. दरवाजा आधीच एका बाजूला, त्यात कोनाडाही एकच. साऱ्या कागदाचा तोल जात होता. हात शिवशिवला आणि मी उजव्या हातालाही एक कोनाडा काढून टाकला. एवढासा चौकोन. मनात म्हटलं, कोण बघतंय.

साहेब आले ते टांग्यातून. गोरेपान, वयस्कर, पांढरी दाढी, कानात अत्तराचा बोळा. सोबत शिपाई आणि त्याच्या हातात फीत. बोलायला अतिशय मृदू होते, आणि मोतीशेटांना तेच जास्त भीतिदायक वाटलं. नकाशा त्यांनी ओट्यावर पसरला, चष्मा लावला आणि दरवाजापासून मोजायला सुरुवात केली. दरवाजा जुळला. पहिली खोली जुळली. दुसरी जुळली. तिसऱ्या खोलीला त्यांनी शिपायाला पुन्हा मोजायला लावलं, तीही इंचाला इंच जुळली. लिंबाजवळच्या बाकाशी तर ते थबकलेच. त्यांनी नकाशातला बाक पाहिला, भिंतीचा पाहिला आणि आबांना जवळ बोलावून म्हणाले की इतक्या वर्षांच्या नोकरीत असलं काम मी पाहिलं नाही, गवंडी लोक कागदाला भीक घालत नाहीत, आणि तुम्ही तर रेघ वाकली तिथं भिंत वाकवलीत. नकाशा एवढा बारकाईनं वाचायला कुठं शिकलात? मी त्याचं मराठी करून सांगितलं. आबांनी पटका काढला, पुन्हा बांधला आणि ‘बरं’ म्हणाले. चाँदमियाँना अचानक खोकल्याची उबळ आली आणि ते लिंबामागं गेले.

मग साहेब दर्शनी बाजूला आले. त्यांनी नकाशातल्या कोनाड्यांवर बोट ठेवलं, एक, दोन. भिंतीकडे पाहिलं, एक. पुन्हा मोजले. मोतीशेट माझ्याकडे बघायला लागले. साहेब कठोर नव्हते, पण हुकूम हुकूम होता. नकाशात जे आहे ते इमारतीत नाही, एवढं त्यांना लिहावंच लागेल, असं ते खेदानं म्हणाले. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ईश्वरशपथ उघडलं होतं, पण खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. इतक्यात आतून मायचा निरोप आला की धपाटे गार होतेत. साहेब म्हणाले, जेवून मग लिहू.

धर्मशाळेतली ती पहिली चूल. माय मागच्या अंगाला धपाटे लावत होती आणि धूर सरळ वर धुराड्यातून जात होता. साहेब मधल्या खोलीत खिडकीपाशी चटईवर बसले. वारा बरोबर त्यांच्या दाढीवर येत होता. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. दुसऱ्या धपाट्यानंतर त्यांनी अचकन काढली, चौथ्यानंतर भिंतीला टेकले. बाहेरून ठक ठक असा आवाज येत होता. मी वाढत होतो. साहेबांनी विचारलं, कसला आवाज? चाँदमियाँ दारातून म्हणाले, खुंटी ठोकणं चाललंय हुजूर, आपली अचकन अडकवायला. साहेबांनी सात धपाटे खाल्ले. सातव्यानंतर आवाज थांबला.

हात धुऊन बाहेर आलो तर दरवाजाच्या उजव्या हाताला कोनाडा. डाव्याएवढाच, डाव्याच्याच उंचीवर, वर पातळ फरशी बसवलेली, कडा चुन्यानं गुळगुळीत केलेल्या. आबा बाजूला हात मागं घेऊन उभे होते. साहेब कोनाड्यापाशी गेले. एक बोट कडेला टेकवलं, बोटाला ओला चुना लागला. त्यांनी ते बोट पाहिलं, मग आबांच्या कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांकडे, मग माझ्याकडे. रुमाल काढून बोट सावकाश पुसलं आणि शिपायाला म्हणाले की मघाशी उन्हात मला नीट दिसलं नसावं, दोनच आहेत. ओट्यावर बसून त्यांनी शेरा लिहिला, सही केली आणि मला वाचायला दिला. बांधकाम नकाशाबरहुकूम, कुठेही तफावत नाही. मोतीशेट खाली बसले आणि त्यांना उठवायला दोघं लागले.

टांगा दिसेनासा झाल्यावर मी आणि आबा घराकडे निघालो. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की तो दुसरा कोनाडा माझी चूक होती, कशासाठी नव्हता, नुसता दिसायला काढला होता, आणि तुमी त्याच्यापायी चांगली भिंत फोडलीत. साहेबांनी पाडायला लावलं असतं म्हणून फोडलीत ना, असंही विचारलं. आबा चालता चालता हातावरचा वाळलेला चुना नखानं काढत होते.

“पाडायचं मला काय भ्याव? म्या पुन्ना बांदली असती,” ते म्हणाले. “पन सायबाम्होरं तू खोटा पडला असतास.”

मला एकदम रडू फुटलं. अठरा वर्षांचा घोडा, तीन वर्षं हैदराबादेत शिकून आलेला, भर सडकेवर रडत चाललो होतो. समोरून बाजारातल्या बाया येत होत्या आणि मला त्याची शरमही वाटली नाही. आबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ते जरा थांबले, वळून धर्मशाळेकडे डोळे बारीक करून पाहिलं, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे केली.

“पन आता बघ,” ते म्हणाले, “दोन हायेत तर लई चांगलं दिसतंय.”